सात खणांचं घर, नऊ सह्या

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘घर’ हा विषय दिला. घर बांधण्यावर, सजवण्यावर, घराच्या आठवणींवर दिवाळी अंकांत दरवर्षी भरपूर येतं. घर विकण्यावर फारसं कुणी लिहीत नाही. गावाकडचं, वाडवडिलांचं घर विकणं तर कमीपणाचं मानलं जातं, म्हणून त्याबद्दल उघड बोलणंही टाळतात. पण मराठवाड्यातल्या कुठल्याही गावातून एक फेरी मारा. कुलूप लागलेली, भिंतीतून पिंपळ उगवलेली, माळवद खचलेली घरं गल्लोगल्ली दिसतात. त्यांतल्या बऱ्याच घरांचे मालक ती विकायला तयार आहेत आणि घ्यायलाही कुणीतरी तयार आहे. तरी व्यवहार होत नाही. तो का होत नाही आणि होतो तेव्हा कसा होतो, हे पाहायला मी धाराशिव जिल्ह्यातल्या सोनारीला गेलो.

सोनारी परंडा तालुक्यात आहे. तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्यामुळे बाजार, दवाखाना, लग्नाचा बस्ता यासाठी इथल्या लोकांचे पाय बार्शी-करमाळ्याकडे वळतात. नोकरीसाठी पुणे गाठायचं. गाव काळभैरवनाथाचं. महाराष्ट्रातल्या असंख्य घराण्यांचं हे कुलदैवत. चैत्रात जत्रा भरते आणि एरवी पाच-पन्नास पावलांवर एक कुलूप दिसणाऱ्या गल्ल्यांमध्ये दिवे लागतात.

जत्रेपुरतं उघडणारं दार

देवळापासून जरा आत गेलं की एका घराच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं दिसतं, ‘घर विकणे आहे’. खाली मोबाइल नंबर. रंग इतका उडालाय की नंबराचे शेवटचे दोन आकडे शेजाऱ्यांना विचारावे लागतात, आणि शेजाऱ्यांना ते पाठ आहेत. घर सात खणांचं. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि जुन्या घराचा आकार आजही इकडे खणांतच सांगतात. पुढे ढेलज, म्हणजे देवडी, मधे छोटा चौक, चौकाच्या दोन बाजूंना सोपे, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. भिंती दगड-मातीच्या, हात लांब केला तरी पलीकडची कड लागू नये एवढ्या रुंद. आतल्या भिंतीत बळद, म्हणजे धान्य साठवायची पोकळी. तिचं तोंड आता विटांनी बुजवलेलं. छत माळवदाचं, म्हणजे लाकडांवर माती घातलेलं, त्यातल्या दोन खणांवर पुढे कधीतरी पत्रे टाकलेले. पत्र्यावर माकडं उड्या मारतात तेव्हा खाली बोलणं ऐकू येत नाही.

हे घर बांधलं आजच्या पिढीच्या आजोबांनी. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा वारला. त्याची बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी पुण्याकडे. धाकटा मुलगा, म्हणजे या मुलांचे काका, निवृत्त होऊन पिंपरी-चिंचवडला. आत्या करमाळा तालुक्यात दिली होती, तीही गेली. घर वर्षातून एकदा, जत्रेत उघडतं. काकांनी पाच-सहा वर्षांपूर्वी भिंतीवर रंगानं ते वाक्य लिहून घेतलं. गिऱ्हाईक आलं नाही असं नाही. पहिल्याच वर्षी शेजारचा, नात्यानं लांबचा भाऊबंद, विचारायला आला होता. मग इतकी वर्षं अडलं कशात?

त्या घराच्या उंबऱ्यावर बसून, गावातल्या एका मध्यस्थाशी, पुतण्यांपैकी थोरल्याशी आणि पुढे परंड्याच्या दस्तलेखकाशी बोलताना जे उलगडत गेलं, ते या एका घरापुरतं नाही. गावठाणातल्या बहुतेक घरांची हीच गोष्ट आहे. कुणाला उघडं पाडण्याचं कारण नाही, म्हणून माणसांची नावं इथे दिलेली नाहीत.

भाव कशाला मिळतो

शहरात घराचा भाव बांधकामाला मिळतो. गावठाणात तो जागेला मिळतो, आणि जागेतही रस्त्याला. देवळाच्या वाटेवर, जिथे नारळ, गुलाल, खोबऱ्याचं दुकान काढता येईल, तिथल्या दहा फुटी तोंडाला आतल्या गल्लीतल्या अख्ख्या वाड्यापेक्षा जास्त मागणी. ट्रॅक्टर दारापर्यंत येतो का, हा दुसरा प्रश्न. गावच्या शिवारात भैरवनाथ शुगर वर्क्सचा कारखाना आहे, उसाची वाहतूक चालते, ज्याच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली आहे त्याला ती उभी करायला जागा लागते. ज्या बोळातून बैलगाडीसुद्धा वळत नव्हती, तिथलं घर बाहेरचा माणूस घेत नाही. ते घेतो शेजारी. त्याच्या भिंतीला भिंत लागून आहे, त्याला मुलाचा संसार वेगळा मांडायचा आहे, किंवा म्हशी बांधायला जागा हवी आहे. गावातल्या घराचं खरं गिऱ्हाईक दहापैकी आठ वेळा चतुःसीमेतच राहतं, असं मध्यस्थाचं म्हणणं. मला ते पटलं.

जागेच्या आकारालाही भाव आहे. पुढे अरुंद आणि मागे रुंद ती गोमुखी, राहायला शुभ. पुढे रुंद आणि मागे निमुळती ती व्याघ्रमुखी, दुकानाला चालते, राहायला नको. ज्याचा यावर विश्वास नाही तोही घासाघीस करताना व्याघ्रमुखीचा मुद्दा काढतोच. विकणाऱ्यानं हे धरून चालावं.

भिंतींना मात्र जवळजवळ काहीच मिळत नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत यांची धास्ती या जिल्ह्याच्या हाडात आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं झोपेत त्याच भिंती-माळवदांखाली गेली. उमरगा, लोहारा ही जास्त फटका बसलेली टोकं. परंडा तिथून लांब. पण मातीच्या घराबद्दलचा विश्वास जिल्हाभर उडाला तो उडालाच. लोकांनी माळवदावरची माती उतरवली, पत्रे टाकले, जमेल तसं सिमेंटचं बांधलं. म्हणून आज घेणारा घर पाहतो तेव्हा पाडायचा खर्च मनात धरूनच पाहतो.

लाकडाची गोष्ट वेगळी. खांब, तुळया, कड्या, कोरीव चौकट, कडीकोयंड्याचं दार यांना जुन्या लाकडाचे व्यापारी रोख पैसे मोजतात. ते गावोगाव फिरतात आणि बंद घरांवर त्यांची नजर असते. हे लाकूड शहरात हॉटेलं, रिसॉर्ट, फार्महाउस सजवायला जातं. वारसांपैकी एखाद्याला पैशाची नड असली की पहिला विचार लाकूड विकण्याचा येतो, कारण त्याला कागद लागत नाही, सही लागत नाही, ट्रक आला की दोन दिवसांत काम उरकतं.

इथे मला ठासून सांगावंसं वाटतं. घर विकायचं असेल तर लाकूड आधी विकू नये. जुन्या घरात छताचा भार लाकडी सांगाड्यावर असतो आणि छत भिंतीला पावसापासून राखतं. सांगाडा काढला की मातीच्या भिंती दोन पावसाळ्यांत विरघळून ढिगारा होतात. ढिगारा झाला की आपली भिंत कुठे संपत होती आणि शेजाऱ्याची कुठे सुरू होत होती, हे सांगायला काही उरत नाही. शेजारी तिथे आधी सरपण रचतो, मग जनावर बांधतो, मग पत्र्याचं शेड उभं करतो. लाकडाचे जे काही हजार मिळाले असतील, त्यापेक्षा जास्त पुढे मोजणीत आणि कोर्टात जातात. शिवाय ते लाकूडही सगळ्या वारसांचं होतं, एकट्याचं नव्हतं.

नमुना 8 म्हणजे मालकी नव्हे

शेजारचा भाऊबंद पहिल्या वर्षी आला तेव्हा त्यानं एकच विचारलं: कागद काय आहे? काकांनी घरपट्टीच्या पावत्या काढल्या, ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा काढला. उताऱ्यावर नाव आजोबांचं. आजोबांना जाऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली, घरपट्टी मुलगे भरतात, पावती आजोबांच्या नावानं फाटते. कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

शेतजमिनीला सातबारा असतो, पण गावठाणातल्या घराला तो नसतो. तिथे वर्षानुवर्षं एकच कागद लोकांच्या हातात होता, ग्रामपंचायतीचा नमुना 8. तो मुळात कर आकारणीची नोंदवही आहे. या घरावर इतका कर बसतो आणि तो अमुक भरतो, एवढंच तो सांगतो. त्यानं मालकी सिद्ध होत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलंय. गायरानावर बांधलेल्या घराचीही नमुना 8 ला नोंद असू शकते. तरीही गावात व्यवहार याच उताऱ्यावर होत आले, कारण दुसरं काही नव्हतंच. मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ज्यांच्या पेटीत त्या काळचा दस्त आहे त्यांचा तो उर्दूत, नाहीतर मोडीत. तो वाचून देणारा माणूस शोधण्यापासून सुरुवात.

हे चित्र बदलू लागलंय ते ड्रोन मोजणीमुळे. जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 126 मध्ये गावठाणाच्या भूमापनाची तरतूद होती, पण मोठी गावं सोडली तर बहुतेक गावठाणांची मोजणी झालीच नव्हती. राज्यात ड्रोननं गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी. मग 24 एप्रिल 2020 ला केंद्राची स्वामित्व योजना आली. पद्धत अशी: आधी गावात दवंडी, ग्रामसभा. मग प्रत्येकानं आपापल्या मिळकतीच्या कडा चुन्यानं आखायच्या, म्हणजे वरून स्पष्ट दिसतील. भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन फोटो घेतो, त्यावरून नकाशा होतो, भूमी अभिलेखचे लोक तो घरोघर जाऊन पडताळतात, हरकती ऐकतात, आणि शेवटी सनद आणि मिळकत पत्रिका हातात येते. 18 जानेवारी 2025 ला देशभरात एकाच दिवशी 65 लाखांवर पत्रिका वाटल्या गेल्या.

पण चुन्याची रेघ मारायला दारात माणूस हवा. बंद घराची रेघ कोण मारणार? ती शेजाऱ्यानं मारली तर त्याच्या सोयीनं पडते. कुणीच मारली नाही तर अधिकारी दिसेल तशी नोंद घेतात. जे लोक पुण्या-मुंबईत बसून ‘आपलं घर गावात आहे’ असं म्हणतात, त्यांनी आपल्या गावच्या मोजणीची तारीख कधी होती आणि नकाशात आपल्या मिळकतीला कुणाचं नाव लागलंय, एवढं तरी भूमी अभिलेख कार्यालयात विचारून यावं. हरकतीची मुदत टळली की तेच काम अपिलात जातं आणि वर्षं खातं.

मोजणी झालेली असो वा नसो, दस्तात चतुःसीमा लिहावी लागते. पूर्वेस अमक्याचं घर, पश्चिमेस ग्रामपंचायतीचा रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस तमक्याची भिंत. सोनारीच्या त्या घराचं माप घेताना मी तिथे होतो. गवंड्यानं फिता धरला, पुतण्यानं वहीत आकडे घेतले, शेजारी हात बांधून उभा. उत्तरेच्या भिंतीपाशी फिता थांबला. भिंत सामाईक. तिच्या माथ्यावरचं पन्हाळ शेजाऱ्याच्या अंगणात पाणी टाकतं, गेली पन्नास वर्षं टाकतंय. घर तिऱ्हाइतानं घेतलं तर हे पाणी चालणार नाही, शेजारी म्हणाला. भिंत निम्मी-निम्मी लिहायची की ज्याची त्याची? तासभर त्या एका भिंतीवर गेला. शेवटी ठरलं: भिंत सामाईक, पन्हाळ फिरवून पाणी चौकात घ्यायचं, आणि तसं दस्तात नमूद करायचं. पन्हाळ फिरवायला गवंड्याला अर्धा दिवस लागला. विकायच्या आधीची सगळ्यात मोलाची डागडुजी मला वाटते ती हीच.

आत्याचा वाटा

कागदाचं जमलं तरी माणसांचं राहतं, आणि व्यवहार मोडतात ते इथे. काका म्हणत, आम्ही दोघे भाऊ, थोरला गेला, त्याच्या मुलांची संमती आहे, झालं. दस्तलेखकानं पहिलाच प्रश्न टाकला: बहीण होती का? होती, पण ती वारली. मग तिचा वाटा तिच्या माघारी कुणाला?

गावात सरसकट समज असा की लेकीबाळींचा हक्क 2005 च्या कायद्यानं आला. ते अर्धंच खरं आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकंच सहदायाद करणारी दुरुस्ती महाराष्ट्रात 22 जून 1994 पासून आली, त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळलेल्या. देशभरात 9 सप्टेंबर 2005 पासून, आणि तिथे ही अट नव्हती. त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. पण वडिलांनी स्वतः मिळवलेल्या मिळकतीत, मृत्युपत्र न करता ते गेले तर, मुलीला मुलाइतका वाटा 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे. हे घर आजोबांनी स्वतः बांधलेलं. म्हणजे ते गेले त्या दिवसापासून आत्या एक तृतीयांशाची मालकीण होती, तिनं मागितलं नाही तरी. ती गेल्यावर तो वाटा माहेरी परत आला नाही. तिच्या मुलांना आणि नवऱ्याला गेला. थोरल्याची बायको, दोन मुलगे, एक मुलगी; काका; आत्याचे यजमान, दोन मुलगे, एक मुलगी. नऊ सह्या.

हे ऐकून काकांचा चेहरा उतरला, असं पुतण्यानं सांगितलं. पैसा जाणार म्हणून नव्हे. आत्याच्या लग्नानंतर, तिच्या दुखण्यात, नंतर मुलांच्या लग्नांत काही मानपान राहिले होते, जाणं-येणं तुटलं होतं. आता सहीसाठी त्या दारात उभं कसं राहायचं? पाच वर्षं गेली ती या संकोचात. घराची भिंत पडत होती ती पडतच राहिली.

अशा वेळी लोक पळवाटा शोधतात. एक पळवाट म्हणजे आपल्यापुरता वाटा विकून मोकळं व्हायचं. कायद्यानं अविभक्त वाटा विकता येतो, पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 44 प्रमाणे राहत्या घरातला असा वाटा घेणाऱ्या परक्याला बाकीच्यांसोबत घरात राहायचा हक्क मिळत नाही. त्यानं वाटणीचा दावा लावला, तर 1893 च्या वाटणी कायद्यानं घरचे लोक न्यायालय ठरवील त्या किमतीला तो वाटा त्याच्याकडून घेऊ शकतात. शहाणा माणूस असं घर घेत नाही, आणि घेतो तो पडत्या भावानं. दुसरी पळवाट कुलमुखत्यारपत्राची. सगळ्यांनी एकाच्या नावे मुखत्यारपत्र दिलं तर तो त्यांच्या वतीनं दस्त करू शकतो. त्यात गैर काही नाही. पण खरेदीखत न करता नुसतं मुखत्यारपत्र घेऊन ‘घर घेतलं’ म्हणणं चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये सुरज लॅम्प खटल्यात सांगितलंय. आणि वारसांत कुणी अज्ञान असेल, तर जिल्हा न्यायालयाची परवानगी काढल्याशिवाय पालकालाही त्याचा वाटा विकता येत नाही.

सरळ वाट दोनच. सगळ्यांनी मिळून खरेदीखतावर लिहून देणार म्हणून सही करायची. किंवा ज्यांना वाटा नको आहे त्यांनी आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यायचं. बहिणींकडून हक्कसोड ‘साडी-चोळीवर’ घेण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. बहिणीनं मनापासून सोडलं तर तो तिचा मोठेपणा, पण तिला घराचा भाव काय येतोय हे सांगून मग विचारलं पाहिजे. पुढे वाद निघतात ते बहुधा जिथे हे सांगितलेलं नसतं तिथे.

मेलेल्या माणसाच्या नावावर घर राहण्याचा प्रश्न आपलाच नाही. जपानमध्ये 2023 च्या पाहणीत सुमारे 90 लाख घरं रिकामी सापडली. कितीतरी घरांचा मालक कोण हे ठरवता येईना, कारण दोन-दोन पिढ्या वारस नोंदच नाही. शेवटी त्यांनी 1 एप्रिल 2024 पासून वारस नोंद सक्तीची केली. वारसा कळल्यापासून तीन वर्षांत नोंद केली नाही तर दंड. आपल्याकडे मुदतीची अशी टाच सहसा बसत नाही. त्यामुळे नोंद राहून जाते आणि दर मृत्यूबरोबर सह्यांची संख्या वाढते. या घराला आजोबा गेले तेव्हा तीन सह्या पुरल्या असत्या.

कोंडी फुटली ती जत्रेत. कुलदैवताला दोन्हीकडची माणसं येतात. थोरल्याच्या मुलीनं, म्हणजे घरातल्या नातीनं, आत्याच्या मुलीला फोन केला आणि दोघी मंदिरात भेटल्या. मामेबहीण-आतेबहीण सगळ्यांना घेऊन त्या बंद घरात आल्या. चहा झाला, आणि एका वहीच्या कागदावर कुणाचा किती वाटा ते लिहून सगळ्यांपुढे ठेवलं. आत्याचे यजमान म्हणाले, पैशाचं राहू द्या, विचारायला आलात हे पुष्कळ झालं. तरी त्यांचा वाटा त्यांना द्यायचाच, असं नातीनं लावून धरलं.

गिऱ्हाईक यायच्या आधी

यानंतरची तयारी सोपी आहे, आणि स्वस्तही. जुन्या घराला रंग काढण्यात पैसे घालू नयेत. घेणाऱ्याला ते पाडायचंच आहे. पण घर कोरडं आणि मोकळं दिसलं पाहिजे. पावसाळ्यापूर्वी माळवदावर पांढरी माती पसरायची. ही माती पाणी धरत नाही, वरच्या वर वाहू देते, म्हणून जुने लोक तिच्यावर विसंबायचे. भिंतीतला पिंपळ नुसता छाटून भागत नाही, मुळासकट काढून भेगा बुजवायच्या. चौकात साठलेला कचरा, मोडकी खाट, गंजलेली कणगी काढून टाकायची. ढेलजेत चुलत्याची कडब्याची गंज असेल, दारात कुणाचं जनावर बांधलेलं असेल, तर ते गोडीनं आधीच हलवायचं. खरेदीच्या दिवशी हलवायला सांगितलं की वहिवाटीचा वाद उभा राहतो. घरपट्टी, पाणीपट्टी, विजेचं थकलेलं बिल भरून पावत्या एका पिशवीत. पतसंस्थेचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो फेडून दाखला.

आणि देव. देव्हाऱ्यातले टाक कुठे न्यायचे हे विकायच्या आधी ठरवावं लागतं, नाहीतर ऐन वेळी तेच कारण निघतं. या घरातले टाक काकांकडे गेले. कुणाला जत्रेला हक्कानं उतरायला एखादा खण ठेवून घ्यायचा असेल, तर तो खण स्वतंत्र दारासह, स्वतंत्र चतुःसीमेनं विक्रीतून वगळून दस्तात लिहावा. ‘कधीही या, घर तुमचंच आहे’ हा शब्द घेणारा मनापासून देतो, पण त्याच्या मुलांवर तो बंधनकारक नसतो. या कुटुंबानं बराच विचार करून खण ठेवला नाही.

इसार

भाव ठरतो तो दोन-तीन बैठकांत. सरकारी वार्षिक बाजारमूल्य तक्ता, ज्याला सगळे रेडीरेकनर म्हणतात, तो मुद्रांक शुल्कासाठी. खरा भाव गल्लीत मागच्या दोन-तीन वर्षांत झालेल्या व्यवहारांवरून निघतो. ते आकडे नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या गोषवाऱ्यात, पाहता येतात, पण कागदावरचा आकडा आणि हातातला आकडा यांत अंतर असतं, हे बोलायची गरज नाही. त्या अंतराचा विकणाऱ्याला तोटाच आहे. मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला 2015 पासून आयकर कायद्यानं बंदी आहे आणि घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड. नऊ वारसांत रोख वाटायची म्हटलं की कुणाला किती मिळाले यावरून पुढची पिढी भांडते. प्रत्येकाच्या खात्यावर त्याच्या वाट्याची रक्कम थेट जमा होणं हेच बरं.

आणखी एक गैरसमज: गावातल्या शेतजमिनीच्या विक्रीला भांडवली नफ्याचा कर लागत नाही, म्हणून घरालाही लागत नाही असं धरतात. घराला लागतो. वारशानं आलेल्या जुन्या घरासाठी 1 एप्रिल 2001 ची किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, आणि नफ्यातून ठरल्या मुदतीत दुसरं राहतं घर घेतलं तर सूट मिळते. छोट्या घरांत कर बहुधा निघत नाही, पण हिशेब करून ठेवावा.

इसार देताना इसारपावती लिहावी. तीत एकूण किंमत, दिलेली रक्कम, मुदत, आणि सगळ्या वारसांची नावं. इसारपावतीनं घर घेणाऱ्याचं होत नाही, पण शब्द कागदावर येतो. वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. गावात नोटीस फार कुणी वाचत नाही, पण एखादा विसरलेला वारस पुढे आला तर तो खरेदीच्या आधी आलेला बरा.

आणि मुदतखरेदीपासून सावध राहावं. नडीला पैसे उसने घेताना सावकार ‘तारण’ म्हणून साधं खरेदीखत करून घेतो आणि पैसे फेडलेस की परत करीन असं तोंडी सांगतो. परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायद्यापुढे ते निखळ विक्रीच दिसतं. दुष्काळी पट्ट्यात कितीतरी घरं-जमिनी अशा गेल्या. 2014 च्या सावकारी नियमन कायद्यानं अवैध सावकारीत गेलेली मिळकत परत मिळवण्यासाठी जिल्हा निबंधकांकडे दाद मागता येते, पण ती लढाई लांब असते.

परंड्याचं कार्यालय

खरेदीच्या दिवशी नऊच्या नऊ माणसं परंड्याला आली. दस्तलेखकाच्या टेबलाभोवती खुर्च्या कमी पडल्या, आत्याचे यजमान पायरीवर बसले. दस्त मोठ्यानं वाचला गेला. चतुःसीमेच्या ओळी आल्या तेव्हा शेजारचा तोच भाऊबंद, आता घेणारा, मान डोलावत होता. उत्तरेस सामाईक भिंत, पन्हाळाचं पाणी चौकात. मुद्रांक शुल्क ऑनलाइन भरलेलं होतं. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. घेणाऱ्यानं घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलं, कारण 1 एप्रिल 2021 पासून राहतं घर बाईच्या नावे घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. सवलतीसाठी का होईना, तिच्या नावावर घर झालं. ती कोपऱ्यात उभी राहून सह्या होताना पाहत होती आणि तिची पाळी आली तेव्हा तिनं अंगठा न देता सावकाश, जोडाक्षर न चुकवता सही केली.

दुय्यम निबंधकांसमोर एकेकाचा कॅमेऱ्यात फोटो, यंत्रावर अंगठा, ‘व्यवहार मान्य आहे का’ हा प्रश्न, दोन ओळखदार. म्हातारपणी बोटांच्या रेघा झिजतात. काकांचा अंगठा यंत्र घेईना, चार-पाचदा पुसून लावला. एक वारस त्या दिवशी येऊ शकत नसेल तर सहीच्या तारखेपासून चार महिन्यांच्या आत येऊन कबुलीजबाब देता येतो, पण एकाच दिवशी सगळे आले की घेणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो. तासाभरात सूची क्रमांक 2 ची प्रत हातात आली.

ग्रामपंचायतीचं काम अजून बाकी आहे. नोंदणीकृत दस्ताची प्रत, सूची क्रमांक 2, भरलेल्या घरपट्टीची पावती जोडून नावबदलाचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दिला आहे. तो मासिक सभेपुढे येईल, ठराव होईल, मग नमुना 8 वर आजोबांच्या जागी नव्या मालकिणीचं नाव चढेल. वीज मीटरचा अर्ज वेगळा, तोही केला आहे. घराच्या किल्ल्या मात्र काकांनी परंड्यातच, कार्यालयाबाहेर, तिच्या हातात दिल्या.